पाणी माणशी की एकरी?

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात रोज पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर जात होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा नुकतीच पाच कोटींवर गेली होती, म्हणजे लहानथोर धरून दहा जणांतलं एक माणूस हातात हातोडी नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन उभं होतं. पावसानं दगा देण्याचं ते सलग तिसरं वर्ष. विहिरींचे तळ उघडे पडले होते, बैलजोड्या मिळेल त्या किमतीला विकल्या गेल्या होत्या, रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळत होती आणि कामावरच्या माणसांना सुकडी वाटली जात होती. आजही खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं तर तो बहात्तरच्या दुष्काळापासून मोजायला लागतो.

त्या दुष्काळात सरकारनं माणसं जगवली, आणि हे थोडं काम नव्हतं. पुढं त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती कल्पना आधीपासून मनात धरली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि मागेल त्याला काम हा हक्क या राज्यानं देशात सगळ्यांत आधी मान्य केला. पण कामावर जाऊन लोक करत काय होते? बहुतेक ठिकाणी खडी फोडत होते. डोंगराच्या पायथ्याशी बसून दगडाचे तुकडे करायचे, ते रस्त्याच्या कडेला रचायचे, मजुरी घ्यायची. पुढच्या वर्षी पाऊस आलाच तर तो त्याच डोंगरावरून धावत नदीला जायचा, आणि खडीचे ढीग तसेच राहायचे.

पुण्याहून पुरंदर तालुक्यात मदतीच्या कामासाठी आलेल्या एका माणसाला हे फार खुपलं. विलासराव साळुंखे अभियंते होते, उद्योजक होते. त्यांच्या कारखान्यात अचूक मोजमापाची उपकरणं बनत. सुताच्याही शतांश फरकावर ज्याचा धंदा चालतो, असा हा माणूस. पुढं त्यांनी जे केलं ते पाहताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. न्याय हा शब्द आपण भाषणात फार वापरतो. साळुंख्यांनी तो मोजायला घेतला.

पुरंदर हा पर्जन्यछायेतला तालुका. पश्चिमेला किल्ल्याच्या अंगानं ढग अडतात, आणि पूर्वेकडं जावं तसा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर येतो, तोही चार झोडपांत. कऱ्हा नदी आहे, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते. दक्षिणेला नीरा आहे आणि तिचा डावा कालवा वीरजवळून निघून बारामती-इंदापूरकडं जातो. तालुक्याच्या कडेनं पाणी जातं आणि वरच्या पठारावर हंडे घेऊन बाया मैलभर चालतात, हे तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं. सासवडच्या माळ्यांनी तर पाण्यासाठी गाव सोडलं. कालव्याच्या पट्ट्यात जमिनी खंडानं घेऊन त्यांनी ऊस पिकवला आणि १९३० च्या दशकात माळशिरस तालुक्यात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. ज्याला जमलं तो पाण्याकडं गेला. बाकीचे पावसाची वाट पाहत राहिले.

साळुंख्यांनी १९७४ साली नायगावला देवस्थानची चाळीस एकर जमीन पन्नास वर्षांच्या करारानं घेतली. उतारावरचं बोडकं माळरान होतं ते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कल्पनाताईंनी तिथं बिऱ्हाड केलं. उताराला आडवे बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाच्या खालच्या अंगाला विहीर काढली आणि विहिरीचं पाणी उपसून पुन्हा वरच्या शेताला दिलं. या कामात नवं असं काही नव्हतं. पाणी धावत असेल त्याला चालायला लावायचं आणि चालत असेल त्याला मुरायला लावायचं, हे जुनेजाणते सांगतच आले होते. त्या माळावर पीक उभं राहिलं तेव्हा आजूबाजूच्या गावांतली माणसं बघायला आली आणि म्हणाली, आमच्याकडंही हे करा.

इथपर्यंतची गोष्ट पाणी अडवण्याची आहे, आणि तशा गोष्टी महाराष्ट्रात अनेक आहेत. पुढची गोष्ट वेगळी आहे. अडवलेलं पाणी कुणाचं?

आपल्याकडं या प्रश्नाला तयार उत्तर होतं, आणि ते इतकं मुरलेलं होतं की प्रश्न म्हणून ते कुणाला दिसतही नव्हतं. पाणी जमिनीचं. ज्याची जमीन, त्याची विहीर. ज्याच्याकडं वीस एकर त्याला वीस एकरांचं पाणी, ज्याच्याकडं दोन त्याला दोनाचं, आणि ज्याच्याकडं काहीच नाही त्याला पाण्याचं काय करायचंय? इंग्रजांच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हात पक्का केला. त्याआधी १८७९ चा मुंबई सिंचन कायदा आला होता. त्यात कालव्याचं पाणी सरकारच्या ताब्यात आलं, पण ते मागायचं कुणी, तर ज्याचं रान आहे त्यानं.

नीरा डाव्या कालव्याचा इतिहास या दृष्टीनं वाचण्यासारखा आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर अशा कामांना जोर आला आणि १८८५ साली तो सुरू झाला. पाऊस चुकेल त्या वर्षी कोरडवाहू ज्वारी-बाजरीला आधार मिळावा, हा हेतू. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घेईना. कालव्याचा खर्च तर वसूल व्हायला हवा. मग वर्षभर पाणी पिणारा आणि पैसे देणारा ऊस आला, आणि पाणी थोड्या जमिनींत थोड्या माणसांच्या हाती साचलं. १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विश्वेश्वरय्या पुण्याला कार्यकारी अभियंता असताना त्यांनी यावर ब्लॉक पद्धत काढली. ऊस एकाच जागी गोळा होऊ द्यायचा नाही. गावोगाव ठरावीक पट्टे पाडायचे, त्यातल्या ठरावीक हिश्श्यातच ऊस आणि बाकी हंगामी पिकं, म्हणजे पाणी जास्त गावांत पसरेल. कल्पना चांगली होती, पण तिचंही माप एकरच होतं.

धुळ्याकडची फड पद्धत याहून कितीतरी जुनी आणि माझ्या मते याहून शहाणी. पांझरेसारख्या नदीवर लहान लहान बंधारे, आणि बंधाऱ्याखालचं सगळं रान तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन होता होईतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी आलं की गाव बसून ठरवतं, या वर्षी अमुक फड बंद. मग तोटा कुणा एकाच्या डोक्यावर बसत नाही, सगळ्यांच्या ताटातली एकेक भाकरी कमी होते. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि दोघांनाही गावानं नेमलेलं. टेलचा शेतकरी म्हणजे कालव्याच्या शेपटाला बसून वरच्याचं उरलंसुरलं मिळण्याची वाट बघणारा माणूस. फडात तो उरतच नाही, कारण प्रत्येकाचा एक पाय तोंडाशी आणि एक शेपटाशी असतो. तरीही फडाची वाटणी जमीनवाल्यांमधलीच होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्याचा त्यात फड नव्हता.

गावकुसाबाहेरचं नाव काढलं की महाराष्ट्रात पाण्याचा विचार पुण्या-पुरंदरहून थेट महाडला जातो, आणि जायलाच हवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो माणूस म्हणून हक्क होता. सार्वजनिक तळं सर्वांचं, हे त्या एका ओंजळीत होतं. पण शेतीचं पाणी आणि पिण्याचं पाणी यांच्यामध्ये जमिनीची भिंत उभी होती. बाबासाहेबांना ती स्पष्ट दिसत होती. १९४७ साली घटना परिषदेसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी सुचवलं होतं की शेती हा सरकारी उद्योग करावा आणि जमिनी गावकऱ्यांना जातपात न पाहता कसायला द्याव्यात, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही शब्द संपतील. ते झालं नाही. पुढं १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. त्यातून काही भागांत काही जमीन वाटली गेली, पण गावाचा नकाशा फारसा बदलला नाही. जमीन वाढत नाही, आणि जी आहे तिच्यावर आधीच कुणाचं तरी नाव चढलेलं असतं.

नायगावच्या माणसांनी जे ठरवलं त्याचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं. ज्यांना सामुदायिक उपसा योजना हवी त्यांनी गट करायचा, एकट्यादुकट्याला योजना नाही. पाणी माणशी वाटायचं. घरातल्या दर माणसामागं अर्ध्या एकराचं पाणी, आणि मोठं कुटुंब असलं तरी अडीच एकरांच्या वर नाही. घरात पाच माणसं आणि रान तीस एकर असेल तरी पाणी अडीच एकरांचंच, उरलेलं साडेसत्तावीस एकर जिरायत. घरात पाच माणसं आणि रान तीनच एकर असेल तर त्यालाही तेवढंच, अडीच एकरांचं पाणी. आणि घरात पाच माणसं असून रान एक गुंठाही नसेल, तरीही पाण्याचा हिस्सा आहेच.

हे शेवटचं वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्या शेतकऱ्याला चक्रावून टाकणारं होतं. जमीन नाही तर पाणी घेऊन काय हौदात साठवायचं? पण तीस एकरवाल्याकडं रान आहे आणि पाणी नाही, भूमिहीनाकडं पाणी आहे आणि रान नाही. दोघांना एकमेकांची गरज पडली की बटईचा करार होऊ शकतो, आणि या करारात भूमिहीन पहिल्यांदाच रिकाम्या हातानं बसत नाही. आजवर मालकाच्या दारात उभं राहून काम मागणारा माणूस आपला वाटा घेऊन बोलणीला येतो. मला तरी या एका कलमाएवढं धाडसी काही त्या काळातल्या शेतीच्या चर्चेत दिसत नाही.

दुसरा नियम पहिल्याला राखण्यासाठी होता. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, ते गटाकडं परत येतं. पाणी येताच रानाची किंमत चढते, आणि चढलेल्या किमतीला रान विकून शहर गाठायचा मोह होतो. विकत घेणारा बहुधा आधीच मोठा असतो. हे टाळलं नाही तर दहा-वीस वर्षांत वाटणी पुन्हा होती तिथं येते. तिसरा नियम उसाचा. या पाण्यावर ऊस लावायचा नाही, केळीसारखी बारमाही पाणी पिणारी पिकंही नाहीत. कारण एक एकर ऊस जेवढं पितो तेवढ्यात कितीतरी एकर ज्वारी, गहू, हरभरा भिजतो, आणि उसाला मुभा दिली की अर्ध्या एकराचा हिशेब कोलमडतो. पैशाचंही ठरलं होतं. खर्चातला पन्नास टक्के वाटा सरकारी अनुदान, तीस टक्के साळुंख्यांनी काढलेल्या ग्राम गौरव प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्ज, आणि वीस टक्के शेतकऱ्यांनी स्वतः, कामाआधी, रोख. फुकटचं नाही, कारण फुकट मिळालेल्या योजनेचा पंप बिघडला तर तो सरकारचा असतो, आपला नसतो. पाणी सोडायला गटानं नेमलेला पाटकरी. पाळी कुणाची, किती तास, हे तोच सांगणार, आणि बागायतदार असला तरी त्याला पाटकऱ्याचं ऐकावं लागणार. याला नाव पडलं पाणी पंचायत. १९८० च्या दशकात पुरंदर आणि आसपासच्या भागात अशा बऱ्याच योजना उभ्या राहिल्या.

याच वर्षांत सातासमुद्रापार न्यायावरच एक मोठा वाद चालू होता. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या जॉन रॉल्स यांचं ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ १९७१ साली आलं. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. समाजाचे नियम ठरवायला बसताना प्रत्येकानं आपण कोण आहोत हे विसरायचं, म्हणजे डोळ्यांवर अज्ञानाचा पडदा घ्यायचा. उद्या आपण श्रीमंताच्या घरी जन्मू की मजुराच्या, धडधाकट असू की आजारी, ठाऊक नाही. मग माणूस कसे नियम करेल? तो सगळ्यांत खाली जो असेल त्याची काळजी करेल, कारण तो खालचा आपणच निघू शकतो. विषमता चालेल, पण तिच्यामुळं तळातल्या माणसाचं बरं होत असेल तरच. आणि १९७४ साली, साळुंखे नायगावच्या माळावर बांध घालत होते त्याच वर्षी, हार्वर्डमधलेच रॉबर्ट नोझिक ‘अ‍ॅनार्की, स्टेट अँड यूटोपिया’ घेऊन पुढं आले. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं. वाटणी कशी दिसते हे पाहूच नका, ती कशी झाली ते पहा. एखाद्यानं वस्तू रीतीनं मिळवली, रीतीनं विकत घेतली, तर ती त्याची. ती काढून घेऊन दुसऱ्याला देणं म्हणजे त्याच्या कष्टावर डल्ला.

नायगावच्या लोकांनी यातलं काही वाचलं नव्हतं, आणि वाचायची त्यांना गरजही नव्हती. पण हे दोघे तत्त्वज्ञ त्या पारावर येऊन बसले असते तर काय बोलणं झालं असतं, याचा मी अनेकदा विचार केला आहे. रॉल्स यांना माणशी अर्धा एकर पटला असता, हे उघड आहे. आपण मोठ्या बागायतदाराच्या घरी जन्मू की शेतमजुराच्या, हे माहीत नसेल तर माणूस पाणी एकरावर वाटू देणार नाही. मला जास्त विचार करायला लावतात ते नोझिक. बागायतदाराची बाजू तेच घेतील असं आपण धरून चालतो. पण त्यांच्याच कसोटीवर पाहू. हे पाणी रीतीनं कुणी मिळवलं? पावसाचं पाणी बागायतदाराच्या पणजोबानं विकत घेतलं नव्हतं. ते आजवर वाहून जात होतं, कुणाच्याच मालकीचं नव्हतं. ते अडवलं सगळ्या गटानं, सगळ्यांच्या वीस टक्क्यांनी आणि अंगमेहनतीनं. मग मालकाचं नाव जमिनीच्या सातबाऱ्यावर आहे, एवढ्यानं ते त्याचं कसं होतं? जमीन आधीच वाटून गेलेली होती, तिला हात लावला की शंभर वर्षांच्या मालकीचा प्रश्न येत होता. पाणी मात्र नव्यानं जन्माला आलेलं धन होतं. पाणी पंचायतीनं कुणाची विहीर बुजवली नाही, कुणाचं रान घेतलं नाही. जे आजवर कुणाचंच नव्हतं ते सुरुवातीलाच सगळ्यांचं म्हणून लिहिलं. १९६१ च्या कायद्याला जे जमलं नव्हतं त्यातलं थोडं तरी यात साधलं, असं मला वाटतं.

अर्थात या योजनेची बाजू लावून धरताना तिच्या अडचणी झाकणं बरोबर नाही. ज्याची आधीच पाण्यानं भरलेली विहीर होती तो गटात कशाला येईल? तो बाहेरच राहिला, आणि त्याच्या विहिरीवर कुणाचा नियम चालला नाही. वीस टक्के रोख आणणं भूमिहीन घराला सगळ्यांत अवघड, म्हणजे ज्याच्यासाठी कलम केलं त्यालाच दार उघडताना जोर लावावा लागे. उपसा योजनेचा जीव विजेत असतो, आणि खेड्यातली वीज कशी असते ते सांगायला नको. शिवाय सरकारी अनुदान हे सरकारच्या मर्जीवर. आणि एक गोष्ट मला कायम सलते. कुटुंब हे एकक धरलं की घरातल्या बाईचा अर्धा एकर कुणाच्या हातात राहतो, हे घराच्या दाराआडच ठरतं. माणशी मोजलं खरं, पण ती माणसं पुन्हा कर्त्या पुरुषाच्या नावाखाली गोळा झाली.

नायगावहून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर दक्षिणेला सांगली जिल्ह्याचा खानापूर तालुका आहे. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला. खोल्यांची भाडी परवडेनात, तेव्हा गिरणी कामगार गावी आले. गावी दुष्काळ होता. संपात सभा ऐकलेली, मागणी कशी लिहायची आणि ती कशी रेटायची हे ठाऊक असलेली ही माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला बसली, आणि तिथंच त्यांनी विचारायला सुरुवात केली की या कामानं आमचा दुष्काळ हटणार आहे का. मुक्ती संघर्ष चळवळ यातून वाढली. भारत पाटणकर, बलवडीचे संपतराव पवार आणि गावोगावचे कार्यकर्ते त्यात होते. लोकविज्ञान संघटनेचे लोक आले, माती-पाण्याच्या पाहण्या झाल्या. गावकऱ्यांनी शास्त्रज्ञांना प्रश्न विचारले आणि शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना.

त्या पाहणीत येरळा नदीचं दुखणं हाती लागलं. नदीतली वाळू ठेकेदार ट्रक भरभरून शहराकडं नेत होते, आणि वाळू गेली की पाणी धरून ठेवणारं नदीचं पोटच जात होतं. लोकांनी मागणी केली ती विलक्षण होती. ठेकेदारांचा उपसा बंद करा. आम्हाला मोजकी वाळू विकू द्या, त्या पैशातून आम्ही आमचं धरण बांधतो. परवानगीसाठी बरीच झटापट झाली. के. आर. दाते यांच्यासारख्या अनुभवी अभियंत्यानं आराखड्याला हात लावला, शहरांतून विद्यार्थी श्रमदानाला आले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी येरळेवर धरण उभं केलं. त्याला नाव दिलं बळीराजा. दिवाळीच्या पाडव्याला बाया ज्याचं राज्य यावं म्हणून ओवाळतात, आणि जोतिराव फुल्यांनी ज्याला शेतकऱ्याच्या न्यायी राजाचं रूप दिलं, तो बळी. फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पावसाचं पाणी अडवायला बांध घालण्याची सूचना केली होती, आणि त्यांच्या घराण्याशी नातं सांगणारं खानवडी गाव आहे ते पुरंदर तालुक्यातच. हे धागे कुणी ठरवून जुळवलेले नाहीत, म्हणून ते मला जास्त आवडतात.

बळीराजा धरणाचं पाणी कसं वाटायचं हे धरणाआधी ठरलं. दर कुटुंबाला सारखं पाणी, जमीन कितीही असो. भूमिहीन कुटुंबालाही. नायगावला उपसा गटापुरतं जे झालं होतं ते इथं नदीवरच्या धरणाला लागू झालं.

हा विचार मग तालुक्याच्या बाहेर पडला. १९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली. साताऱ्याच्या प्रतिसरकारात लढलेले आणि पुढं वाळव्याला हुतात्मा साखर कारखाना उभारणारे नागनाथअण्णा नायकवडी तिथं होते, सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते, पाटणकर होते. कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांच्या वतीनं मागणी अशी की आमच्या वाट्याचं पाणी आम्हाला द्या, आणि ते आमच्यातही समान वाटा. या मागणीला पाठबळ एका मोठ्या निवाड्यातून आलं होतं. बच्छावत लवादानं १९७३ साली कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी दिलं होतं. राज्याराज्यांमध्ये न्याय मागायला आपण वकील लावतो, खोऱ्याचे नकाशे उलगडतो, थेंबाथेंबाचा हिशेब मांडतो. राज्याच्या आत वाटणी आली की तोच हिशेब आपल्याला अव्यवहार्य वाटायला लागतो. परिषदेचं बोट याच विसंगतीवर होतं. दरवर्षी परिषद भरत राहिली, मोर्चे निघाले, आणि टेंभू-ताकारी-म्हैसाळसारख्या उपसा योजनांचं पाणी उशिरानं का होईना त्या माळांवर पोचू लागलं. एका साखर कारखान्याच्या संस्थापकानं समान पाण्याच्या बाजूनं उभं राहावं, याचं मोल ज्यांना उसाचं राजकारण माहीत आहे त्यांनाच कळेल. कारण लागवडीखालच्या थोड्याशा जमिनीवर असलेला ऊस आजही राज्याच्या सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा घोट घेतो.

विलासराव साळुंखे २००२ साली गेले. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, महाराष्ट्रानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पाणीवाटपासाठी असं स्वतंत्र प्राधिकरण नेमणारं हे देशातलं आघाडीचं राज्य. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांचाही कायदा झाला. प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी हा शब्द आला, आणि खोऱ्यातल्या वरच्या धरणांनी खालच्या धरणांना टंचाई वाटून घ्यायला लावणारं कलमही आलं. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद दर दुष्काळी वर्षी पेटतो तो याच कलमावर. फडातली शहाणीव तेवढ्यापुरती तरी कायद्यात आली म्हणायची.

पण लाभक्षेत्राच्या आत कोटा कसा ठरवायचा, तर जमिनीवर. लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला कोटा, आणि तो त्याच्या लाभक्षेत्रातल्या जमिनीच्या प्रमाणात. मात्र एक वाक्य त्यात असं आहे की ते वाचताना नायगाव आठवतं. टंचाईच्या काळात होता होईल तो प्रत्येक जमीनधारकाला निदान एक एकर भिजेल एवढं पाणी द्यावं. संकट आलं की कायद्यालाही माणूस दिसतो, वीस एकरवाला आणि एक एकरवाला एका रेषेवर येतात. पाऊस बरा झाला की पुन्हा एकर. आणि ज्याच्या नावावर एकही गुंठा नाही तो सुकाळात नाही, दुष्काळातही नाही.

आजही कालव्याचं पाणी हवं असेल तर पाटबंधारे शाखेत नमुना ७ चा अर्ज भरावा लागतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, पीक, क्षेत्र. घरात माणसं किती, हा रकाना त्यात नाही.